गुडेले चौक, रात्री आठ

दक्षिण सुदानचं यादवी युद्ध नेमकं किती वाजता सुरू झालं, याची दोन उत्तरं मिळतात. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांचं उत्तर आहे, संध्याकाळी साडेसहा. नंतर झालेल्या स्वतंत्र चौकश्यांचं उत्तर आहे, रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास. तारखेबद्दल दोघांचं एकमत आहे: १५ डिसेंबर २०१३, रविवार. मधले चार तास किरकोळ वाटतील, पण सगळा वाद त्या चार तासांचाच आहे. साडेसहा म्हटलं की तो फसलेला उठाव ठरतो आणि पुढची प्रत्येक गोळी बंदोबस्तात जमा होते. साडेदहा म्हटलं की तो बराकीतला तंटा ठरतो. मग प्रश्न विचारावा लागतो, की बराकीतल्या तंट्यासाठी शहरभरच्या वस्त्यांमधून माणसं वेचून का मारली?

हे लिहिताना समोर तळोज्याचं घड्याळ आहे, म्हणून एक खुलासा. त्या वर्षी दक्षिण सुदानची राजधानी जुबा आपल्यापेक्षा अडीच तास मागे होती. १ फेब्रुवारी २०२१ला त्या देशानं आपली घड्याळं आणखी तासभर मागे घेतली. पण अहवालांतल्या वेळा जुन्या घड्याळाच्या आहेत आणि इथेही त्याच ठेवल्या आहेत.

तळोज्यात बसून जुबाचे तास कशाला मोजायचे, असं कुणी म्हणेल. एक कारण असं, की त्या आठवड्याच्या शेवटी जे मेले त्यांत दोन भारतीय सुभेदार होते. शेजारच्या पनवेलला ज्या ओएनजीसीच्या संशोधन संस्था आहेत, त्याच ओएनजीसीच्या विदेश कंपनीचा त्या देशाच्या तेलविहिरींत हिस्सा होता, हे दुसरं. तिसरं कारण जरा अवघड आहे. तळोज्याला जलद कृती दलाची १०२वी बटालियन आहे. हे दल उभं राहिलं ऑक्टोबर १९९२मध्ये, आणि दोन महिन्यांत मुंबई पेटली. त्या दंगलींची पोलिस ठाण्यागणिक नोंद न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगानं फेब्रुवारी १९९८मध्ये सरकारच्या हातात ठेवली. पुढे किती जणांना शिक्षा झाली, ते इथल्या कुणालाही विचारा. तेव्हा नोंद भरपूर आणि निकाल नाही, हा प्रकार समजून घ्यायला आपल्याला आफ्रिकेपर्यंत जायची गरज नाही. तरी जाऊ, कारण तिथली नोंद तासांच्या हिशेबात मिळते. पुढचे तास सोमवार, १६ डिसेंबरच्या रात्री आठपासून, गुडेले चौकापासून, उलटे मोजले आहेत.

दोन दिवस आधी. शनिवार, १४ डिसेंबर

जुबातलं न्याकुरोन सांस्कृतिक केंद्र. सत्ताधारी एसपीएलएम पक्षाच्या राष्ट्रीय मुक्ती परिषदेची बैठक भरली आहे. देशाला अडीच वर्षंही पुरी झालेली नाहीत. ९ जुलै २०११ला याच शहरात झेंडा चढला, तेव्हा भारताचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी समारंभाला हजर होते. त्याआधीच्या जानेवारीत झालेल्या सार्वमतात जवळजवळ ९९ टक्के लोकांनी सुदानपासून वेगळं व्हायचा कौल दिला होता. बावीस वर्षांचं युद्ध आणि सुमारे वीस लाख मृत्यू, एवढं मागे टाकून हा देश जन्मला होता.

पक्षात मात्र फूट उघड आहे. जुलै २०१३मध्ये कीर यांनी उपराष्ट्राध्यक्ष रीक माचार यांच्यासह सगळं मंत्रिमंडळ बरखास्त केलं. ६ डिसेंबरला माचार, पक्षाचे सरचिटणीस राहिलेले पागान आमुम आणि दिवंगत नेते जॉन गरांग यांच्या पत्नी रिबेका न्यांदेंग यांनी एकत्र पत्रकार परिषद घेऊन कीर हुकूमशहा होऊ लागल्याचा आरोप केला. बैठक पुढे ढकला, तापलेलं वातावरण निवू द्या, अशी विनवणी चर्चच्या धुरिणांनी केली होती. ती कुणी ऐकली नाही.

कीर यांनी भाषणात १९९१चा विषय काढला. ते साल पुन्हा येऊ देणार नाही, असा त्यांचा रोख होता. बाहेरच्याला यात काही कळणार नाही, पण सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं. १९९१च्या ऑगस्टमध्ये माचार यांनी नासिर या गावातून पक्षाच्या मुक्तिसेनेत बंड केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांच्या बाजूच्या नुएर जमातीच्या सैनिकांनी आणि तरुणांनी बोर भागात डिंका जमातीचे हजारो लोक मारले. ॲम्नेस्टीचा त्या वेळचा अंदाज किमान दोन हजारांचा. कीर डिंका, माचार नुएर. स्वातंत्र्यानंतर माचार यांनी बोरबद्दल माफी मागितली होती. पण डिंका श्रोत्यांपुढे ते साल काढणं म्हणजे घड्याळाचे काटे बावीस वर्षं मागे फिरवून तिथून मोजायला सुरुवात करणं. माझ्या मते त्या दोन दिवसांत जुबात झालेली सर्वांत धोकादायक गोष्ट हीच, आणि तिच्यात एकही गोळी सुटलेली नव्हती.

साडेपंचवीस तास आधी. रविवार, संध्याकाळी ६.३०

माचार आणि त्यांचे साथीदार दुसऱ्या दिवशी बैठकीला फिरकलेच नाहीत. सरकारी कथा इथून सुरू होते. बैठक संपता संपता सभागृहाजवळ एका अज्ञात इसमानं हवेत गोळी झाडली आणि पळ काढला, असं कीर यांनी सोमवारी सांगितलं. तो इसम कोण, हे पुढे कधीच स्पष्ट झालं नाही. अनेक दंगलींच्या मुळाशी असा एक अज्ञात इसम असतोच. त्याला पकडता येत नाही, आणि त्याच्यावाचून कथाही उभी राहत नाही.

साडेएकवीस तास आधी. रात्री १०.३०च्या सुमारास

तळोज्यात सोमवारचा एक वाजला आहे, एमआयडीसीत रात्रपाळी चालू आहे.

जुबा विद्यापीठाजवळ गियाडा नावाची छावणी आहे. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाचा, म्हणजे ‘टायगर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकडीचा, तळ होता. तुकडीत डिंका आणि नुएर दोन्ही होते. २००६च्या जुबा जाहीरनाम्यानं पाउलिनो माटिप यांच्यासारख्या नुएर सेनानींची सशस्त्र दलं मुक्तिसेनेत सामावून घेतली होती. कागदावर सैन्य एक झालं, पण प्रत्येक तुकडीची निष्ठा आपापल्या सेनानीपाशीच राहिली. त्या रात्री छावणीत शस्त्रं काढून घेण्यावरून वाद पेटला. नुएर सैनिकांना नि:शस्त्र करायचा आणि डिंकांना पुन्हा शस्त्रं द्यायचा डाव होता, असं एक बाजू सांगते. माचार यांच्या माणसांनी शस्त्रागारावर चाल केली, असं दुसरी सांगते. आफ्रिकी संघाच्या चौकशी आयोगानं पुढे दोन्ही बाजू ऐकल्या आणि पुरावा उठावाकडे बोट दाखवत नाही, असं लिहिलं.

याच आयोगानं आणखी एक धागा पकडला. जुबाजवळच्या लुरी इथे नियमित सैन्याच्या रचनेबाहेर काही हजार तरुणांची भरती आणि तालीम झाली होती, बहुतेक बहर अल गजल भागातल्या डिंकांची. गियाडातला गोळीबार अचानक झाला असेलही. पण त्यानंतर गल्लीबोळांत जे शिरले, ते अचानक जमलेले नव्हते.

मध्यरात्रीनंतर

गोळीबार गियाडातून सरकत शहराच्या दुसऱ्या टोकाला, सैन्याच्या बिलपाम मुख्यालयापर्यंत पोहोचला. तोफांचे आवाज येऊ लागले. माचार रातोरात जुबातून निसटले. इथपर्यंत हे सैनिकांचं सैनिकांशी युद्ध होतं, आणि इथेच थांबलं असतं तर इतिहासात त्याची एक ओळ झाली असती.

बारा-तेरा तास आधी. सोमवार, १६ डिसेंबर, सकाळ

उजाडलं तसा लढाईचा जोर ओसरू लागला. नुएर सैनिक शहराबाहेर रेटले गेले होते. आणि लढाई ओसरत असतानाच कत्तलीला तोंड फुटलं. हा क्रम नीट लक्षात घेतला पाहिजे. चकमकीत सापडून नागरिक मेले, हे स्पष्टीकरण युद्धात नेहमी हाताशी असतं. जुबात ते लागू पडत नाही.

गुडेले, मंगातेन, न्यू साइट, मिया साबा, खोर विल्यम या वस्त्यांमध्ये गणवेशातले लोक घरोघर फिरू लागले. माणूस ओळखायच्या दोन तऱ्हा होत्या. एक, डिंका भाषेत नाव विचारायचं. उत्तर डिंकात आलं नाही की झालं. दुसरी तऱ्हा म्हणजे कपाळ. जुन्या रीतीनं वयात आलेल्या नुएर पुरुषाच्या कपाळावर कानापासून कानापर्यंत सहा आडव्या रेषा कोरलेल्या असतात, त्यांना ‘गार’ म्हणतात. मुलगा पुरुष झाल्याची ती खूण. ती त्या दिवशी लपवता येत नव्हती. शहरात शिकलेल्या अनेक तरुणांच्या कपाळावर या रेषा नव्हत्या. त्यांना नावावरून पकडलं. पकडलेल्यांत सैनिक होते, पोलिस होते, विद्यार्थी होते, सरकारी नोकर होते.

त्याच सकाळी विमानतळाला लागून असलेल्या टोंगपिंगच्या आणि जेबेल भागातल्या संयुक्त राष्ट्रांच्या तळांबाहेर गर्दी जमू लागली. बाया, पोरं, डोक्यावर गाठोडी. शांतिसेनेच्या प्रमुख हिल्डे जॉन्सन, नॉर्वेच्या माजी मंत्री. तळाची फाटकं उघडली गेली. दोन दिवसांत आत दहा हजारांहून जास्त माणसं झाली. पाणी, संडास, तंबू, कशाचीच तयारी नव्हती. छावण्या चालवणं हे त्या मोहिमेचं कामच नव्हतं. ती आली होती नव्या सरकारला उभं राहायला मदत करायला, आणि आता त्याच सरकारच्या सैनिकांपासून लोकांना कुंपणाआड ठेवायची वेळ आली होती.

या फाटकांबद्दल नंतर बरीच टीका झाली, मोहीम बावळट ठरली, दुबळी ठरली. त्यात तथ्य आहे. गुडेले टोंगपिंगपासून काही किलोमीटरवर, आणि तिथे दिवसभर कुणी निळं शिरस्त्राण गेलं नाही. पण फाटक उघडायचा निर्णय नसता, तर पुढच्या अहवालांना साक्षीदारच उरले नसते. लोकांना आसरा देणारी आणि त्यांची जबानी घेणारी यंत्रणा एकच होती. मानवाधिकार विभागाचे अधिकारी ज्या आवारात झोपत होते, त्याच आवारात त्यांचे साक्षीदार चिखलात पडून होते.

सहा-सात तास आधी. दुपार

कीर एरवी काळ्या काउबॉय हॅटमध्ये दिसतात. तशी एक हॅट त्यांना जॉर्ज बुश यांनी भेट दिली होती, तेव्हापासून ती त्यांची ओळखच झाली. त्या दिवशी ते हॅटऐवजी लष्करी गणवेशात पत्रकारांसमोर आले. उठाव मोडून काढला आहे, शहर पूर्णपणे सरकारच्या ताब्यात आहे, हल्लेखोर पळाले आहेत आणि सैन्य त्यांच्या मागावर आहे, असं त्यांनी सांगितलं. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी जाहीर झाली.

शहर ताब्यात असल्याचं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं, याला पुढे फार महत्त्व आलं. कारण त्या घडीला गुडेले चौकातल्या एका इमारतीत शेकडो माणसं कोंडलेली होती. शहर ताब्यात होतं, तर ती इमारतही ताब्यातच होती.

गुडेले

गुडेले चौकात, बाजाराजवळ, पोलिसांची एक इमारत होती. सुरक्षा दलं ती तळ म्हणून वापरत होती. रविवारच्या रात्रीपासून सोमवारी दिवसभर पकडलेले नुएर पुरुष तिथे आणून एका खोलीत कोंबले जात होते. किती होते, हे प्रत्येक अहवालात वेगळं येतं: दोनशे, तीनशे, चारशेपर्यंत. मरणाऱ्यांत अडकलेला माणूस मोजणार तरी कसा? तरी एकानं मोजलं. वाचलेल्या एका विद्यार्थ्यानं आठवडाभरात एका ब्रिटिश पत्रकाराला आकडा दिला: २५२. त्यांतले बाराजण जगले, असं तो म्हणाला.

डिसेंबर हा जुबात कोरड्या उन्हाळ्याचा आरंभ. खोलीत बसायला जागा नाही, हवा नाही. ह्यूमन राइट्स वॉचला वाचलेल्यांनी सांगितलं, की गर्दीनं आणि उकाड्यानं काहीजण गोळी लागायच्या आधीच कोसळून मेले.

सहा वाजता संचारबंदी लागू झाली. आता रस्त्यावर जो कोणी असेल तो एक तर सैनिक किंवा सावज. खोलीतल्यांना याचा अर्थ कळला असेल का, हे सांगता येत नाही. पण शहराच्या दृष्टीनं त्या दोन तासांत साक्षीदार नाहीसे झाले. दारं लागली, दिवे मालवले गेले. गुडेलेच्या वाटेनं जाणारं कुणी उरलं नाही.

रात्रीचे आठ. तळोज्यात साडेदहा.

खिडक्यांतून बंदुकांच्या नळ्या आत आल्या. वाचलेल्यांच्या जबान्या या ठिकाणी जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात, आणि त्या वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या संस्थांना दिलेल्या आहेत. गोळीबार थांबला. मग कोण जिवंत आहे ते पाहण्यासाठी लोक परत आले आणि पुन्हा गोळ्या झाडल्या. जे जगले ते प्रेतांखाली जगले. कुणी दुसऱ्याचं शरीर अंगावर ओढून घेतलं, आणि तसेच पडून राहिले, एक रात्र, एक दिवस, काहीजण त्याहून जास्त. प्रेतं फुगू लागली, वास सुटला. बाहेर पडल्यावर ते कसेबसे संयुक्त राष्ट्रांच्या तळावर पोहोचले.

त्यानंतर

मंगळवारी, १७ तारखेला, सरकारनं उठावाच्या आरोपाखाली अटक केलेल्या माजी मंत्र्यांची आणि नेत्यांची नावं जाहीर केली. पण तोवर घड्याळ जुबाबाहेर गेलं होतं. बातमी फोनवरून पसरत होती आणि पसरताना वाढत होती. खरं तर वाढायची गरजही नव्हती.

बुधवारी, १८ला, जोंगलेई प्रांताची राजधानी बोर पडली. तिथल्या आठव्या डिव्हिजनचा नुएर सेनापती पीटर गाडेट सरकारविरुद्ध उलटला. १९९१ची जखम ज्या गावाची, त्याच गावावर पुन्हा नुएर सैन्य चालून आलं. पुढच्या काही आठवड्यांत बोर चार वेळा या हातातून त्या हातात गेलं.

गुरुवार, १९ डिसेंबर. अकोबो, इथिओपियाच्या सीमेवर, लोऊ नुएरांच्या मुलखात. संयुक्त राष्ट्रांचा इथला तळ छोटा: ४३ भारतीय सैनिक, सहा पोलिस सल्लागार, दोन नागरी कर्मचारी. कुंपणाच्या आत तीसेक डिंका नागरिकांनी आसरा घेतला होता. बाहेर सुमारे दोन हजार सशस्त्र नुएर तरुण जमले. त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी जुबा पाहिली असेल. पण त्यांचं घड्याळ गुडेलेपासून सुरू झालं होतं. तिथे नुएर मारले, इथे डिंका द्या, एवढाच हिशेब.

त्रेचाळीस विरुद्ध दोन हजार. तरुण आत घुसले. आसरा घेतलेल्यांतले किमान अकराजण मारले गेले. सुभेदार धर्मेश सांगवान आणि सुभेदार कुमार पाल सिंग यांना तिथे वीरमरण आलं, एक भारतीय जवान जखमी झाला. न्यूयॉर्कमध्ये भारताचे राजदूत अशोक मुखर्जी यांनी ही बातमी संयुक्त राष्ट्रांच्या एका बैठकीतच दिली. दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना हवाई मार्गानं मलाकालला हलवलं.

त्याच वर्षी ९ एप्रिलला याच जोंगलेईत, गुमुरुकजवळ, ताफ्यावर झालेल्या हल्ल्यात पाच भारतीय सैनिक आणि सात नागरिक मारले गेले होते. भारताचे दोन हजारांहून जास्त सैनिक त्या वेळी दक्षिण सुदानात होते. आपल्याकडे वर्तमानपत्रांत शहिदांच्या बातम्या आल्या, गावोगावी मानवंदना झाल्या, हे योग्यच. पण ते कुणाला वाचवताना मेले आणि त्यांना मारणारे कशाचा सूड घेत होते, हे मराठी वाचकापर्यंत क्वचितच पोहोचलं. गुडेले वगळून अकोबो सांगितलं, की ती रानटी टोळीच्या हल्ल्याची गोष्ट होते. तशीच ती सांगितली गेली.

२४ डिसेंबरला सुरक्षा परिषदेनं ठराव क्रमांक २१३२ करून मोहिमेची मर्यादा १२,५०० सैनिक आणि १,३२३ पोलिस इतकी वाढवली. गुडेलेला आठ दिवस झाले होते.

नोंद

आता कागदांकडे. फेब्रुवारी २०१४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचा प्राथमिक अहवाल आला, ८ मे २०१४ला सविस्तर. त्यासाठी नऊशेहून जास्त मुलाखती घेतल्या होत्या. मानवतेविरुद्धचे गुन्हे घडल्याचं मानायला पुरेसा आधार आहे, असा त्याचा निष्कर्ष. अहवाल एका बाजूचा नाही. जुबात नुएर मारले गेले, त्यातल्या तपशिलाइतक्याच काटेकोरपणे बोर, बेंतियू, मलाकालमध्ये दुसऱ्या बाजूनं काय केलं तेही त्यात आहे. एप्रिल २०१४मध्ये बेंतियूच्या मशिदीत आसरा घेतलेले दोनशेहून जास्त नागरिक बंडखोरांनी मारले आणि स्थानिक रेडिओवरून द्वेषाची भाषणं प्रसारित केली, हेही संयुक्त राष्ट्रांनीच जगापुढे आणलं.

आफ्रिकी संघानं नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ओलुसेगुन ओबासान्जो यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. संघाच्या इतिहासातला हा अशा प्रकारचा पहिलाच आयोग. अहवाल २०१४च्या ऑक्टोबरात तयार झाला, तो जाहीर व्हायला २७ ऑक्टोबर २०१५ उजाडला. शांतता करार होईपर्यंत तो दाबून ठेवला गेला. जुबातल्या हत्या विस्कळीत नव्हत्या, त्यांत योजना आणि समन्वय होता, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

या आयोगातल्या एका सदस्यानं वेगळं मतपत्र जोडलं. ते महमूद ममदानी, जन्म मुंबईचा, वाढले युगांडात. न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेल्या झोहरान यांचे वडील म्हणून अलीकडे आपल्याकडे त्यांचं नाव घेतलं जातं. खरं तर आफ्रिकेतल्या राजकीय हिंसेवरचे ते नावाजलेले अभ्यासक. फौजदारी खटल्यांनी हा प्रश्न सुटणार नाही, आधी राजकीय जबाबदारी ठरवा, ज्यांनी देश या थराला आणला त्यांना सत्तेपासून दूर ठेवा, असं त्यांचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. घड्याळ फक्त रात्री आठला लावलं, तर खिडकीतून नळी आत घालणारा शिपाई सापडतो आणि न्याकुरोनचं भाषण सुटतं, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण भाषण करणारे आणि त्यांना उत्तर देणारे दोघेही कराराच्या टेबलावर परत आले, तर ‘आधी राजकारण’ याचा व्यवहारातला अर्थ ‘न्याय कधीच नाही’ असाच होतो. आणि ते परत आलेच.

१ जुलै २०१५ला सुरक्षा परिषदेच्या निर्बंध समितीनं सहाजणांवर प्रवासबंदी आणि मालमत्ता गोठवण्याची कारवाई केली. त्यांत बोरचे गाडेट होते आणि राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाचे प्रमुख मारियल चानुओंगही. चानुओंग यांच्या सैनिकांनी जुबा आणि परिसरात नुएर नागरिकांच्या कत्तलीत पुढाकार घेतला, अनेकांना सामूहिक थडग्यांत पुरलं, त्यांतल्या एका थडग्यात दोन-तीनशे नागरिक असल्याचं सांगितलं जातं, असं कारण लेखी दिलेलं आहे. गाडेट २०१९मध्ये खार्टूममध्ये वारले, कुठल्याही न्यायालयापुढे उभे न राहता.

सरकारनंही अटका केल्या होत्या. सुमारे शंभर संशयित ताब्यात आहेत, असं सांगितलं जात होतं. ५ मार्च २०१४ला छावणीत पुन्हा गोळीबार झाला आणि त्या गडबडीत ते सगळे निसटले, असं सरकारनंच कळवलं. ती छावणी म्हणजे गियाडा. सरकारी चौकशी समितीचा अहवाल जाहीर झाला नाही.

ऑगस्ट २०१५च्या शांतता करारात एका संमिश्र न्यायालयाची तरतूद झाली: आफ्रिकी संघानं उभारायचं, दक्षिण सुदानचे आणि इतर आफ्रिकी देशांचे न्यायाधीश मिळून चालवायचं. करार मोडला. सप्टेंबर २०१८च्या नव्या करारात तीच तरतूद पुन्हा आली. न्यायालय अजून उभं राहिलेलं नाही. दरम्यान लंडनच्या आरोग्यशास्त्राच्या संशोधकांनी २०१८मध्ये अंदाज काढला, की डिसेंबर २०१३पासून एप्रिल २०१८पर्यंत युद्धामुळे सुमारे ३,८३,००० जास्तीचे मृत्यू झाले, त्यांतले निम्मे हिंसेनं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं २०१६मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या यास्मिन सूका यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी त्याला पुरावे गोळा करून जतन करायचं काम दिलं. म्हणजे एक असं कपाट तयार झालं, ज्यात जबान्या न्यायालयाची वाट बघत ठेवायच्या.

२०१९मध्ये शांतिसेनेचं लष्करी नेतृत्व लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे आलं. सप्टेंबर २०२०पासून संयुक्त राष्ट्रांच्या तळांवरच्या आश्रयस्थळांचा ताबा हळूहळू सरकारकडे द्यायला सुरुवात झाली. सात वर्षांपूर्वी ज्या सरकारच्या सैनिकांपासून लोक पळून आले होते, त्याच सरकारकडे.

माचार २०२०मध्ये पुन्हा प्रथम उपराष्ट्राध्यक्ष झाले, कीर यांच्या शेजारी बसले. मार्च २०२५मध्ये नुएर तरुणांच्या ‘व्हाइट आर्मी’नं नासिरची लष्करी छावणी ताब्यात घेतली, तेच नासिर, जिथून १९९१चं बंड सुरू झालं होतं. त्या महिन्यात माचार नजरकैदेत गेले. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांच्यावर खून, देशद्रोह आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे असे आरोप ठेवले गेले, आणि जुबात खास न्यायालय चटकन उभंही राहिलं. खटला नासिरच्या छावणीत मेलेल्या सैनिकांचा आहे.